मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशोब घरबसल्या कसा करायचा

साताऱ्याचे आमचे काका-काकू पहिल्यांदा मुलीकडे, सोनालीकडे, अमेरिकेला निघाले, तेव्हा काका तिकिटाचा कागद हातात धरून म्हणाले, "रात्री दोनला सुटतं, पावणेआठला पोचतं. पावणेसहा तास! मग एवढा बाऊ कसला करताय?" काकू म्हणाल्या, "अहो, सोनाली सोळा तास म्हणत होती." आणि मी कागदावर मांडून दाखवलं, की साताऱ्याच्या दारापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दारापर्यंत सव्वातीस तास.

तिघांचेही आकडे बरोबर होते. पावणेसहा हा तिकिटावर छापलेल्या दोन वेळांतला फरक, सव्वासोळा हा विमानातला वेळ आणि सव्वातीस हा प्रवास. गोंधळ होतो तो "किती तास लागतात?" या एकाच प्रश्नाला ही तीन उत्तरं असल्यामुळे. मुंबई ते न्यूयॉर्क हे उदाहरण धरून तिन्ही हिशोब खाली मांडते. पद्धत कळली की पुणे–मेलबर्न असो की गोवा–लंडन, कुणालाही विचारावं लागणार नाही.

आधी विमानतळ नक्की करा

"मुंबई" आणि "न्यूयॉर्क" ही नावं हिशोबाला पुरत नाहीत. न्यूयॉर्क म्हणून मिळणारं तिकीट जेएफकेचं असेल किंवा हडसन नदीपलीकडच्या नेवार्कचं. हवेतल्या अंतरात फरक नगण्य. पण मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहत असेल, तर नेवार्कला उतरलेलं बरं. जेएफकेहून एडिसनला जायचं म्हणजे न्यूयॉर्कच्या वाहतुकीतून आरपार जायचं, आणि जावईबापूंचा दीड तास सहज जातो.

आता मुंबईलाही दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि पुढचं विमान सहारच्या टर्मिनल दोनवरून, असं तिकीट स्वस्तात दिसलं तर हुरळू नका. मध्ये अख्खी खाडी आणि मुंबईची गर्दी आहे. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचा कोड असतो. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तो वाचायची सवय लावून घ्या.

दोरा आणि पृथ्वीगोल

भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. विमान तसं जात नाही. नकाशा म्हणजे संत्र्याचं साल सपाट करून चिकटवलेलं. ध्रुवांकडचा भाग त्यात ताणला जातो. म्हणून तर त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकेल. कच्छ-सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून स्वीडन-फिनलंडकडे, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. शाळेत भूगोलात बृहद्वृत्त शिकलो होतो, ते हेच. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता. न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला आहे असं आपण म्हणतो, पण हा रस्ता मुंबईतून निघतो उत्तरेकडे, उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेला कललेला. आइसलंडच्या अलीकडे तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशाला टेकतो.

आता तो दोरा पट्टीवर मोजा. आमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्याचा घेर सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा भरतो साडेएकोणतीस सेंटिमीटर. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर येतात. दोऱ्यातून आलेल्या उत्तरासाठी हे फारच चांगलं आहे.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर

ज्यांना नेमका आकडा हवा त्यांनी फोन आडवा धरून शास्त्रीय कॅल्क्युलेटर उघडावा. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा भाग सोडला तरी पुढे अडणार नाही.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक शहर पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असती तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली, तर ती ३६० मधून वजा करायची. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोला तसं होतं.

मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशाच्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. दोन्हींची बेरीज −०.३८६०. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन, म्हणजे व्यस्त कोसाइन, ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणलं की १२,५३० किलोमीटर. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, त्यामुळे वीस-तीस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. तेवढं सोडून द्या.

उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे का ते बघा. दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच असते.

आणि मैल सांभाळा. हेच अंतर साध्या मैलांत सुमारे ७,७९० आणि नॉटिकल मैलांत सुमारे ६,७७० होतं. काही साइट आणि सगळ्याच वैमानिक मंडळींचा कारभार मैलांत चालतो, तोही वेगवेगळ्या मैलांत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. "अंतर ६,७७०" वाचून अमेरिका जवळ आली असं समजू नका.

खरा रस्ता: दोरा जिथून जातो तिथून विमान जातंच असं नाही

दोऱ्याला देशांच्या सरहद्दी कळत नाहीत, विमानाला त्या पाळाव्या लागतात. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. दुसरीकडे, २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये कोणत्या देशाच्या कंपनीचं विमान आहे, यावरून रस्ता बदलतो.

वळसा मोजणं मात्र सोपं आहे. वाटेत एक खिळा ठोकायचा आणि दोन तुकडे मोजायचे. समजा पाकिस्तान टाळायला विमान समुद्रावरून मस्कतपर्यंत गेलं आणि तिथून वर वळलं. मुंबई–मस्कत १,५९० किलोमीटर, मस्कत–न्यूयॉर्क ११,३२५. एकूण १२,९१५. सरळ रस्त्यापेक्षा ३८५ किलोमीटर जास्त, म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटं. दिल्लीकरांना हा वळसा आपल्यापेक्षा जास्त बोचतो. आपल्याला समुद्र जवळ आहे.

ही खिळ्याची युक्ती थांबा असलेल्या तिकिटालाही चालते, आणि तिथे गंमत दिसते. लंडनमार्गे: ७,२१० अधिक ५,५४०, एकूण १२,७५०. सरळ रस्त्याहून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त! फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढंच. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. या तिन्ही ठिकाणी थांबून अंतर फारसं वाढत नाही, वाढतो तो थांब्याचा वेळ. पण कुणी सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट दाखवलं, तर ३,९०० अधिक १५,३५० असे सव्वाएकोणीस हजार किलोमीटर होतात. त्यातला सिंगापूर–न्यूयॉर्क हा तुकडा जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा उड्डाणांमध्ये मोडतो, त्यालाच साडेअठरा तासांच्या आसपास लागतात. तीन हजार रुपये वाचवायला एवढी प्रदक्षिणा नको.

किलोमीटरचे तास कसे करायचे

लांब पल्ल्याची मोठी विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण हा वेग हवेतला. जमिनीवरून मोजलेला वेग वाऱ्यावर ठरतो. त्या उंचीवर मध्यम अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. काही पट्ट्यांत तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो छातीवर, येताना पाठीशी. वैमानिक आणि कंपनीचे मार्ग आखणारे लोक जाताना त्याला चुकवतात, येताना त्याच्यावर स्वार होतात, म्हणून पूर्ण जोर कधीच हिशोबात धरायचा नाही. संपूर्ण प्रवासाची सरासरी म्हणून ५० धरा.

जाताना: १२,९१५ भागिले ८५० म्हणजे १५ तास १२ मिनिटं. उड्डाणापूर्वी धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, उतरल्यावर गेटपर्यंतची रखडपट्टी या सगळ्याचे ४० मिनिटं मिळवा. १५ तास ५२ मिनिटं. येताना: १२,९१५ भागिले ९५० म्हणजे १३ तास ३६ मिनिटं, अधिक ४०. सव्वाचौदा तास.

काकांच्या तिकिटावर जायचे सव्वासोळा तास होते. वरची वीस-पंचवीस मिनिटं कंपनीने राखून ठेवलेली. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो आणि उशीर झाला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यात थोडी हवा भरलेली असते. "आज आपण वेळेआधी पोचलो" ही घोषणा ऐकून फार हरखून जायचं कारण नाही.

वारा अंतरावर कशी मात करतो याचं उत्तम उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी उलटी दिशा धरली आणि विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी आल्यामुळे साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. अंतर आणि वेळ हे सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत.

घड्याळाचा हिशोब

काका अडकले होते ते इथे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. नियम एकच: दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. काकांचं विमान १४ जानेवारीचं. न्यूयॉर्कचे सकाळचे ७:४५ अधिक साडेदहा तास म्हणजे आपले संध्याकाळचे ६:१५. पहाटे २ वाजल्यापासून सव्वासहापर्यंत सव्वासोळा तास. झालं. परतीचं विमान दुपारी १२:३० चं होतं: आपल्याकडे रात्रीचे ११. मुंबईत उतरायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी १:२०. चौदा तास वीस मिनिटं.

तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात "+१" असतो, तो म्हणजे दुसरा दिवस. जाताना तारीख तीच राहते, येताना एक दिवस गहाळ होतो. सोळा तारखेच्या लग्नाला पोचायचं तर पंधराला निघून चालणार नाही.

अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. ब्रिटन मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परततं. म्हणजे मार्चमध्ये दोनतीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. लंडनला विमान बदलायचं असेल आणि तारीख या दिवसांतली असेल, तर सगळं पुन्हा मोजा.

सोनालीला रोज फोन करता यावा म्हणून काकूंना मी आधीच एक सोपी रीत शिकवली होती. सकाळची संध्याकाळ करायची आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास वजा करायचे. तिकडे सकाळचे आठ, तर रात्रीचे आठ म्हणायचं, दीड कमी केला की इथले साडेसहा. लंडनसाठी तर गणितच नको. हिवाळ्यात काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा, साधारण लंडनची वेळ दिसते. साडेपाच तासांच्या फरकाची ही कृपा.

रात्री दोनचं विमान आणि तारखेचा सापळा

आपल्याकडून पश्चिमेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १४ तारखेला पहाटे २ चं विमान म्हणजे घरातून निघायचं १३ तारखेला. हे वाचायला सोपं वाटतं, पण आमच्याच नात्यातले एक गृहस्थ १४ तारखेच्या रात्री दहा वाजता, बॅगा, लोणच्याच्या बरण्या आणि निरोपाला आलेली सहा माणसं घेऊन टर्मिनलच्या दारात उभे राहिले. विमान वीस तासांपूर्वी गेलं होतं. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं. तेव्हापासून आमच्या घरी कॅलेंडरवर विमानाच्या नाही, निघण्याच्या तारखेला गोल करतात. कालनिर्णयवर लाल पेनाने, "१३, दुपारी ३, गाडी" असं लिहून.

थांबा असेल तर

मधल्या विमानतळावर किमान दोन तास तरी हवेत. ज्येष्ठ मंडळी असतील, व्हीलचेअर मागितली असेल तर तीन. दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकल्यास पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्याचे पैसे गेले असं समजा. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर बघा. एजंटाच्या "काही लागत नाही हो" वर जाऊ नका.

अबूधाबीचं एक वैशिष्ट्य आहे. तिथून अमेरिकेला जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन अबूधाबीतच होतं आणि न्यूयॉर्कला माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर पडतो. तो वेळ वाचत नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून तिथला थांबा मोठा ठेवा. आणि न्यूयॉर्कहून पुढे आणखी विमान असेल, तर नेहमीच्या प्रवासात पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन, कस्टममधून नेऊन परत द्याव्या लागतात. त्याला अडीच-तीन तास धरा.

दारापासून दारापर्यंत

आता काकांचा कागद. सगळ्या वेळा भारतीय घड्याळात.

१३ तारखेला दुपारी ३ ला साताऱ्याहून गाडी. अडीचशे किलोमीटर, वाटेत एकदा चहा, घाटात आणि वाशीला रखडणं, रात्री साडेनऊ-दहाला टर्मिनल दोन. विमानाच्या चार तास आधी, आणि हे जास्त नाही: बॅगांची रांग, इमिग्रेशन, सुरक्षा, मग गेटपर्यंत भलंमोठं चालणं. पहाटे २ ला विमान. १४ तारखेला संध्याकाळी सव्वासहाला उतरणं. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास. गाडीने एडिसन, आणखी दीड तास. रात्री सव्वानऊ. एकूण सव्वातीस तास, त्यातले हवेतले जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त.

हा कागद करून देण्याचा खरा उपयोग गोळ्यांना होतो. काकूंची रक्तदाबाची गोळी सकाळी आठची. न्यूयॉर्कला सकाळी पावणेआठला उतरल्यावर त्यांना वाटलं असतं, आता घ्यायची वेळ झाली. पण भारतीय सकाळचे आठ विमानातच होऊन गेलेले असतात, खिडकीबाहेर काळोख असताना. प्रवासात कोणती गोळी कोणत्या घड्याळाने, हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. आणि एक साधं घड्याळ घर येईपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. फोन स्वतःहून वेळ बदलतो, घड्याळ बदलत नाही.

त्या काळोखाचीही एक गोष्ट आहे. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वी ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने फिरते, तिथे विमान सूर्याशी शर्यत लावू शकत नाही. पण ६५ अंशांवर तोच वेग सातशेच्या आसपास उतरतो आणि विमान सूर्याच्या पुढे पळतं. मागून येणारी पहाट विमानाला गाठूच शकत नाही. जानेवारीत पहाटे २ ला मुंबई सोडली, की मॉस्कोला रात्र, आइसलंडला रात्र, ग्रीनलंडलाही रात्र, आणि उजाडतं ते थेट न्यूयॉर्कच्या जवळ, उतरायच्या अर्धा तास आधी. काकूंनी पोचल्यावर फोन केला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं: "अगं, तीनदा जेवायला दिलं, दोनदा झोपले, पण सकाळ काही होईना."